नापास व्हायला हवी होती अशी वाइन : शेव्हाल ब्लां १९४७

वाइन बनवायला शिकवणाऱ्या एखाद्या कॉलेजात १९४७ सालच्या ‘शातो शेव्हाल ब्लां’चा रासायनिक अहवाल नाव झाकून विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर बहुतेक जण तिला नापास करतील. फ्रान्समधल्या बोर्दोच्या त्या काळातल्या वाइनच्या मानाने अल्कोहोल फारच जास्त. आंबण्याची क्रिया पूर्ण न होता मध्येच अडकलेली. आणि व्हिनेगरला त्याचा वास देणारं आम्ल इतकं, की आजचा सावध वाइनमेकर ते पिंप निमूटपणे बाजूला काढेल.

हीच वाइन गेली कित्येक दशकं विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ वाइनमध्ये मोजली जाते. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिला १०० पैकी १०० गुण दिले. नोव्हेंबर २०१० मध्ये क्रिस्टीजच्या जिनिव्हातल्या लिलावात तिची सहा लिटरची एक बाटली २,९८,५०० स्विस फ्रँकला गेली, म्हणजे तीन लाख डॉलरच्या थोडी वर. सहा लिटरच्या बाटलीत नेहमीच्या आठ बाटल्यांची वाइन मावते. तसा हिशोब केला तर बाटलीमागे ३८ हजार डॉलर. एका बाटलीसाठी तेव्हा तो विक्रम होता. (पुढे २०१८ मध्ये बर्गंडीच्या १९४५ सालच्या रोमाने-कोंतीची साधी पाऊण लिटरची बाटली ५,५८,००० डॉलरला गेली आणि हे सगळे आकडे किरकोळ वाटू लागले.)

दोष असलेली वाइन इतकी मोठी कशी झाली, हे कळायला ती चाखावी लागत नाही. बरंच आहे, कारण माझ्या वाट्याला ती येण्याची शक्यता शून्य. त्या वर्षीचा उन्हाळा कसा होता आणि यीस्ट नावाचा सूक्ष्मजीव उष्णतेत कसा वागतो, एवढं समजलं की निम्मी गोष्ट उलगडते. उरलेली निम्मी बाटल्यांची आहे.

आधी जागा पाहू. फ्रान्सच्या नैऋत्येला बोर्दो प्रांत. तिथे गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंदच्या रुंद खाडीतून अटलांटिकला मिळतात. जगभर गाजलेल्या जुन्या घराण्यांचे बहुतेक मळे डाव्या तीरावर, मेदॉकमध्ये आहेत. १८५५ साली वाइनची जी प्रसिद्ध श्रेणी ठरली, ती लाल वाइनपुरती जवळजवळ याच तीराची होती. दोर्दोन्यच्या उजव्या बाजूला, लिबूर्न गावाजवळची सेंत-एमिलियाँ आणि पोमरोल ही गावं तेव्हा कुणी फारशी जमेस धरली नव्हती. सेंत-एमिलियाँची स्वतःची श्रेणी निघायला १९५५ साल उजाडलं. तीत शेव्हाल ब्लां सगळ्यात वरच्या पायरीवर होती.

मळा सुमारे ३९ हेक्टरांचा, म्हणजे शंभर एकरांना थोडा कमी. तो सेंत-एमिलियाँच्या अगदी कडेला आहे. रस्ता ओलांडला की पोमरोल. १८३२ मध्ये द्युकास कुटुंबाने इथली जमीन घेतली, पुढे मुलीच्या लग्नातून ती फुर्को-लोसाक घराण्याकडे आली आणि थेट १९९८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्या वर्षी उद्योगपती बर्नार आर्नो आणि बेल्जियमचे आल्बेर फ्रेर यांनी ती विकत घेतली. लेबलवर आजही दोन पदकं छापलेली दिसतात, एक लंडनच्या १८६२ च्या प्रदर्शनातलं आणि दुसरं पॅरिसच्या १८७८ च्या. म्हणजे १९४७ च्या आधीही ही वाइन अनोळखी नव्हती.

या मळ्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, द्राक्षाची जात. आजूबाजूचे शेतकरी मुख्यतः मर्लो लावतात. इथे काबर्ने फ्रां या जातीला मोठा मान आहे, बागेचा जवळपास निम्मा किंवा त्याहून अधिक भाग तिचा. मर्लो रसाळ आणि मांसल, तर काबर्ने फ्रां सुवासिक आणि थोडी ताठ. दुसरी गोष्ट मातीची. इथे काही तुकडे खडीचे आहेत, तर काही चिकणमातीचे. खडी लवकर तापते, पाणी धरत नाही. चिकणमाती खोलवर ओल राखून ठेवते. पाऊस कमी पडलेल्या वर्षी या दुसऱ्या तुकड्यांचा मोठा आधार असतो.

आता ‘१९४७ सालची’ म्हणण्याला एवढं महत्त्व का? नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्या हवेत द्राक्षवेल थंडीत पूर्ण झोपी जात नाही. एप्रिलची छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी, आणि छाटणीची तारीख पुढेमागे करून माल कधी तयार व्हावा हे बरंचसं आपणच ठरवतो. बोर्दोत तसं नाही. हिवाळ्यात वेल पानं टाकून निजतो, वसंतात फुटतो, जूनच्या सुमाराला फुलोरा येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घड उतरवतात. मधल्या काळात थंडी, पाऊस, गारा, ऊन जे येईल ते घ्यायचं. शिवाय बोर्दो हे उबदार द्राक्षपट्ट्याच्या उत्तरेकडच्या भागात. तिथे द्राक्ष पुरतं पिकेल याची खात्री जुन्या काळी नसायची. साखर कमी पडली तर रसात वरून साखर घालून अल्कोहोल वाढवणं ही तिथे सर्रास चालणारी आणि कायद्याने मान्य असलेली गोष्ट होती. म्हणून बाटलीवरचं साल हा एक प्रकारे त्या वर्षीच्या हवेचा दाखला ठरतो.

युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. जर्मनांनी व्यापलेल्या काळात मळ्यांना ना मजूर पुरेसे मिळाले, ना तांब्याची फवारणी, ना काचेच्या बाटल्या. तशात निसर्गाने तीन मोठी वर्षं दिली. १९४५, १९४७ आणि १९४९. पैकी १९४५ ला मे महिन्यातल्या हिमाने पीक फार कमी केलं होतं. १९४७ चं वेगळंच होतं. त्या उन्हाळ्यात पश्चिम युरोप भाजून निघाला आणि सप्टेंबरच्या मध्याला काढणी सुरू झाली तेव्हाही उकाडा हटला नव्हता. घड इतके पिकलेले, की काही मणी वेलावरच सुरकुतू लागले होते. मण्यात साखर प्रचंड भरलेली, आम्ल उतरलेलं, साली जाड आणि रंगाने गच्च. अशी फळं तापलेल्या अवस्थेतच हौदांत पडली.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

द्राक्षाच्या रसाची वाइन होते ती यीस्टमुळे. हे एकपेशीय जीव साखर खातात आणि अल्कोहोल व कर्बवायू सोडतात. सोबत तिसरी गोष्टही बाहेर पडते, जी आपण विसरतो, ती म्हणजे उष्णता. मोठ्या लाकडी हौदात हजारो लिटर रस आंबत असला की आतलं तापमान आपोआप चढत जातं. रस मुळात २० अंशांचा असेल तर ही वाढ सहन होते. तोच रस ३० अंशांचा आला, तर ती जीवघेणी. साधारण ३५ अंशांच्या पुढे यीस्टची ताकद ओसरायला लागते, आणखी थोडं वर गेलं की ते मरतात. मे महिन्यात इडलीचं पीठ रात्रभर बाहेर राहिलं की सकाळी जे होतं, त्याचीच ही थोरली आवृत्ती. फरक एवढाच की इथे पणाला वर्षभराचं पीक लागलेलं असतं.

उष्णतेच्या जोडीला दुसरा शत्रू म्हणजे खुद्द अल्कोहोल. यीस्ट जे बनवतं तेच त्याला विषारी ठरतं. ढोबळ हिशोब असा की लिटरमागे १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. त्या काळी बोर्दोची चांगली वाइन १२ टक्क्यांच्या आसपास असे. शेव्हाल ब्लां १९४७ मध्ये अल्कोहोल १४.४ टक्के असल्याचं सांगितलं जातं. म्हणजे रसात लिटरमागे अडीचशे ग्रॅमच्या घरात साखर होती. तापलेला हौद, त्यात १४ टक्क्यांच्या पुढे गेलेलं अल्कोहोल, आणि दमलेलं यीस्ट. शेवटची थोडी साखर खायची राहिली आणि कारभार थांबला. याला आंबवण ‘अडकली’ असं म्हणतात, आणि वाइन बनवणाऱ्याची झोप उडवणारी याहून मोठी गोष्ट नसते.

आज यावर उपाय सोपा आहे. हौदाच्या भिंतीतून थंड पाणी खेळवायचं, बटण दाबून तापमान ठरवायचं. नाशिकच्या कुठल्याही वाइनरीत गेलात तर स्टीलच्या टाक्यांना असं थंडाव्याचं आवरण घातलेलं दिसतं. आपल्या हवेत त्याशिवाय वाइन होणारच नाही. १९४७ च्या बोर्दोत यातलं काही नव्हतं. काहींनी बर्फाच्या लाद्या आणून हौदांत सोडल्या. रस त्याने थोडा पातळ होतो खरा, पण सगळंच नासण्यापेक्षा ते परवडलं.

अडकलेल्या हौदात धोका कुणाचा, तर जिवाणूंचा. यीस्ट गप्प झालं की उरलेल्या साखरेवर लॅक्टिक जिवाणू ताव मारतात आणि त्यातून लॅक्टिक आम्लाबरोबर ॲसिटिक आम्लही बनतं. हेच व्हिनेगरचं आम्ल. ते हवेत उडून नाकाला जाणवतं, म्हणून त्याला ‘बाष्पशील आम्ल’ म्हणतात. त्याच्या सोबतीने इथाइल ॲसिटेट येतं, ज्याचा वास नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा असतो. प्रमाणांचा अंदाज घ्या. साध्या व्हिनेगरमध्ये लिटरमागे ४० ते ५० ग्रॅम ॲसिटिक आम्ल असतं. नीट बनलेल्या लाल वाइनमध्ये ०.४ ते ०.७ ग्रॅम. युरोपच्या आजच्या नियमानुसार लाल वाइनमध्ये ते १.२ ग्रॅमच्या वर गेलेलं चालत नाही. म्हणजे ‘चांगलं’ आणि ‘बाद’ यांच्यात अर्ध्या ग्रॅमचा खेळ. शेव्हाल ब्लां १९४७ या पट्टीच्या धोक्याच्या टोकाला आहे, आणि त्या वर्षीच्या बोर्दोच्या अनेक वाइन तर त्यापलीकडे जाऊन खरोखरच बिघडल्या. एकट्या एका मळ्यावर ही वेळ आली नव्हती. बाकीचे पडले आणि हा तरला, एवढंच.

का तरला, याचं माझ्या मते सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण समतोलाचं आहे. अल्प प्रमाणातलं बाष्पशील आम्ल वाइनचा सुगंध उचलून धरतं. फळाचा वास त्याने अधिक धारदार होतो. पातळ, हडकुळ्या वाइनमध्ये तेवढंच आम्ल उघडं पडतं. पण इथे भोवती इतका ऐवज होता, इतकं अल्कोहोल, पिकलेल्या सालीतलं तुरट टॅनिन, गडद रंग, जिभेवर रेंगाळणारा जडपणा, की त्याला लपायला जागा मिळाली. त्यात काबर्ने फ्रांचा सुवास आणि चिकणमातीने तहानेतही जगवलेले वेल. दोष होते ते होतेच. ते एकमेकांना झाकतील इतक्या मापात होते, हे नशीब.

ज्यांनी ती चाखली ते बहुतेक तिची तुलना पोर्टशी करतात. पोर्ट ही पोर्तुगालची गोड, कडक वाइन. तिच्यात आंबवण चालू असतानाच द्राक्षाची ब्रँडी ओततात, म्हणजे यीस्ट मरतं आणि साखर शिल्लक राहते. शेव्हाल ब्लांमध्ये ब्रँडी कुणी घातली नाही. तिथे यीस्टला उन्हाने आणि त्याच्या स्वतःच्याच अल्कोहोलने मारलं. अशा वर्णनांत एक गफलत मात्र नेहमी होते. शिल्लक साखर लिटरमागे ३ ग्रॅमच्या आसपास असल्याचं सांगतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही गोड वाइन असेल. ३ ग्रॅम म्हणजे लिटरभर वाइनमध्ये चहाचा एक चमचाही नाही. आजच्या युरोपीय नियमांत ती वाइन ‘कोरडी’, म्हणजे गोड नसलेली, याच वर्गात बसेल. जिभेला जाणवणारी गोडी मुख्यतः अल्कोहोलची, ग्लिसरॉलची आणि अतिपक्व फळाची आहे. ते ३ ग्रॅम महत्त्वाचे आहेत ते आंबवण अडकल्याचा पुरावा म्हणून.

उन्हाळ्याची गोष्ट इथे संपते. आता बाटल्या.

आज आपण गृहीत धरतो की मळ्याचं नाव असलेली बाटली मळ्यातच भरली असेल. मेदॉकमधल्या मूटों या मळ्याचे मालक फिलिप द रोथशिल्ड यांनी १९२४ साली सगळी वाइन मळ्यातच भरायचं ठरवलं तेव्हा ती नवलाची गोष्ट होती, आणि १९४७ पर्यंतही सगळीकडे ती रीत रुळली नव्हती. पुष्कळ वाइन २२५ लिटरच्या पिंपांत व्यापाऱ्यांना विकली जाई. एका पिंपात ३०० बाटल्या. व्यापारी आपल्या तळघरात, आपल्या सवडीने त्या भरत. शेव्हाल ब्लां १९४७ चीही काही पिंपं अशीच बेल्जियमला गेली. ओस्टेंडच्या व्हान्डरम्यूलेन या व्यापाऱ्यांनी भरलेल्या बाटल्यांना आजही जाणकार मान देतात. म्हणजे ‘शेव्हाल ब्लां १९४७’ या नावाखाली मुळातच एकापेक्षा जास्त वाइन आहेत. वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या, निराळ्या बुचांच्या, निराळ्या तळघरांत वाढलेल्या.

त्यात वय. बूच पूर्ण हवाबंद नसतं; वर्षानुवर्षं अगदी सूक्ष्म हवा आत जाते आणि वाइन किंचित बाहेर. टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जाऊन जड होतात आणि गाळ बनून तळाशी बसतात. म्हणून जुनी वाइन फिकट आणि मऊ होते. पंचाहत्तर वर्षांच्या बाटलीत वाइन मानेपर्यंत भरलेली असणं दुर्मिळ. पातळी खांद्याच्याही खाली गेली असेल तर समजायचं की हवा बरीच आत गेली आहे. सहा लिटरच्या बाटलीला एवढा भाव का, याचं एक उत्तर यातच आहे. वाइनचं आकारमान मोठं आणि बुचाचं भोक त्या मानाने लहान, म्हणून ती सावकाश म्हातारी होते.

आणि जिथे एवढा पैसा, तिथे नकली माल येणारच. लेबल जुन्या कागदावर छापायचं, रिकामी जुनी बाटली मिळवायची, आत दोन-तीन तरुण वाइनचं मिश्रण भरायचं. या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव रूडी कुर्नियावान. मूळचा इंडोनेशियाचा हा तरुण कॅलिफोर्नियातल्या श्रीमंत संग्राहकांत वावरत होता. मार्च २०१२ मध्ये एफबीआयने त्याला पकडलं तेव्हा घरात छापील लेबलांचे गठ्ठे आणि जुनी बुचं सापडली. डिसेंबर २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. १९४७ ची शेव्हाल ब्लां ही अशा लोकांची आवडती निवड, कारण खरी वाइन कशी लागते हे ठामपणे सांगू शकणारे लोक जगात मूठभर, आणि त्यांतही प्रत्येकाने चाखलेली बाटली वेगळी.

यावरची एक युक्ती फार देखणी आहे. १९४५ नंतर, आणि विशेषतः १९५० च्या दशकापासून, उघड्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जगभर पसरलं. ते मातीवर, पानांवर, द्राक्षांवर बसलं आणि तिथून वाइनमध्ये उतरलं. बोर्दोचे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप ह्युबेर यांनी दाखवून दिलं की त्यातून निघणारे गॅमा किरण काचेतून आरपार येतात, त्यामुळे बाटली न उघडताच ते मोजता येतात. लेबलवर १९४७ आणि आत सीझियम सापडलं, तर आतली वाइन नंतरची आहे हे उघड. या पद्धतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. आत १९३७ ची एखादी स्वस्त वाइन असेल तर हे यंत्र काहीच बोलणार नाही. बनावट करणाऱ्याने जुनाच माल वापरला तर भौतिकशास्त्राचा इलाज नाही. मग लेबलाचा कागद, बुचावरचा शिक्का, बाटलीची काच यांची तपासणी उरते.

अशी वाइन पुन्हा का होत नाही, हा पुढचा प्रश्न. तिच्यानंतरची दशकं बोर्दोत नेमकी अशा अपघातांना आळा घालण्यात गेली. बोर्दो विद्यापीठातले एमिल पेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मळ्यामळ्यांत जाऊन स्वच्छता, तापमान आणि जिवाणूंवर ताबा ठेवायला शिकवलं. बिघडलेली पिंपं कमी झाली, आणि अपघाताने उंची गाठलेली पिंपंही. मला विचाराल तर हा सौदा फायद्याचा होता. एका १९४७ साठी दर दशकात कितीतरी मळ्यांचा माल व्हिनेगरच्या वाटेला लावणं हा शेतकऱ्याच्या दृष्टीने रोमान्स नसतो. २०११ मध्ये शेव्हाल ब्लांने वास्तुकार क्रिस्तियाँ द पोर्तझांपार्क यांच्याकडून नवं तळघर बांधून घेतलं. त्यात काँक्रीटचे ५२ हौद आहेत, बागेतल्या तुकड्यातुकड्याचा माल वेगळा आंबवता यावा म्हणून. तिथे आंबवण अडकायची म्हटली तर मुद्दाम अडकवावी लागेल. श्रेणीच्या वादाला कंटाळून २०२१ मध्ये त्यांनी सेंत-एमिलियाँच्या अधिकृत श्रेणीतूनही माघार घेतली.

लिबूर्नचं आणखी एक अपत्य १९४७ चंच आहे. वाइन-सल्लागार मिशेल रोलाँ यांचा जन्म त्या वर्षीच्या डिसेंबरातला, आणि घरचा मळा पोमरोलमध्ये. द्राक्ष पुरतं पिकू द्या, घाईने तोडू नका, हा त्यांचा आग्रह पुढे जगभर पोचला. भारतात तो कर्नाटकातल्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वाइनरीपर्यंत आला. ती आता ग्रोव्हर झांपा आहे आणि नाशिक जिल्ह्यातही तिची वाइनरी आहे.

राहता राहिलं ऊन. १९४७ मध्ये अचंबा वाटावा असं १४.४ टक्के अल्कोहोल आज बोर्दोत कुणाला फार दचकवत नाही. २०१८ आणि २०२२ सारख्या उष्ण वर्षांत उजव्या तीरावर तेवढं सहज भरलं. रसात साखर घालायची पाळी क्वचित येते, उलट ती वाढू कशी द्यायची नाही याची चिंता असते. २०२१ मध्ये साध्या ‘बोर्दो’ आणि ‘बोर्दो सुपेरियर’ वाइनसाठी उष्णता सोसणाऱ्या सहा नव्या जाती लावायला परवानगी मिळाली, बागेच्या ५ टक्क्यांपर्यंत. सेंत-एमिलियाँला ती लागू नाही. त्या सहांपैकी एक आहे तुरिगा नासियोनाल, म्हणजे पोर्तुगालात जिच्यापासून पोर्ट बनवतात ती.